मोकळा खिळा

दिवाळी अंकासाठी लिहा, पण फराळाबरोबर वाचता येईल असं लिहा, असं संपादकांनी कळवलं आहे. मला तसं जमेल की नाही ठाऊक नाही. आजवर मी पत्रकं लिहिली. पत्रक कागदाच्या एका बाजूला मावलं पाहिजे आणि वाचणारा रस्त्यात उभा असतो, त्यामुळे दुसऱ्या ओळीत मुद्द्यावर यावं लागतं. तीच सवय इथंही चालवते.

मुद्दा असा. वऱ्हाडातल्या मालेगावात वाशीम रस्त्याला सहा खोल्यांची एक रांग आहे. खोल्या सामानासकट मिळतात. खाट, टेबल, माठ, स्टोव्ह, फळी, दोरी. बदली होऊन आलेल्या नोकरदार बायका तिथं घर मिळेपर्यंत राहतात. शिक्षिका, नर्सा, ग्रामसेविका. त्या खोल्या मी सांभाळते. ज्यांना गावात घर मिळत नाही त्यांच्यासाठीच त्या आहेत. का मिळत नाही? पगार आहे, अकोल्याहून, जिल्ह्याच्या कचेरीतून निघालेला हुकूम हातात आहे, वागणूक सरळ आहे. पण घरमालकीण आधी आडनाव विचारते, मग गाव विचारते, मग गावात घर कोणत्या बाजूला ते विचारते. तिसऱ्या उत्तराला ती खोली अचानक पाहुण्यांसाठी लागणार असते. आम्ही बौद्ध. आमच्या आईबापांनी धर्म बदलला तेव्हा मी पाळण्यात होते. ते बदलले, गाव बदललं नाही. एवढं सांगितलं की पुढचं समजायला सोपं जाईल.

आमच्या समितीनं या खोल्या काढल्या. मूळची ही जागा सरकीचं गोदाम. मालक हाजीसाहेब, म्हातारे. आम्ही विचारायला गेलो तेव्हा मी भाषण तयार करून गेले होते. त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही. म्हणाले, "लडकियां रहेंगी ना? तो पहले अंदर से कडी लगवाव." बस. मध्ये विटांच्या भिंती घातल्या, वर टिनं होतीच. चुन्याचे हात दिले, तरी सरकीचा तेलकट वास अजून येतो. पावसाळ्यात जास्त येतो.

खोली लावणं हे काम सोपं नाही, हे मला करता करता कळलं. खाट रस्त्याकडच्या भिंतीला लावायची नाही, ट्रक गेला की ती थरथरते. माठ वाळूवर ठेवायचा आणि दारातून दिसेल असा ठेवायचा, कारण दमून आलेली बाई आधी पाणी शोधते. दोरी अख्खं लुगडं पसरेल एवढी लांब बांधायची. आखूड दोरीवर लुगडं दुमडून घालावं लागतं, आणि आपलं लुगडं दुमडून वाळत पडलेलं पाहिलं की बाईला वाटतं, आपण परक्या घरी आहोत. आणि बाई खोलीत रुळली की नाही हे ओळखायची एक खूण आहे. ती येऊन म्हणते, "ताई, अजून एक कप मिळन का?" दुसरा कप म्हणजे आता आपल्याकडे कोणीतरी येईल असं तिला वाटायला लागलं.

तऱ्हेतऱ्हेच्या बायका येऊन गेल्या. केनवडच्या एक शिक्षिका घरचा पाटा घेऊन आल्या. एवढं जड धूड एसटीच्या टपावरून उतरवलं आणि मग लक्षात आलं, वरवंटा गाडीतच राहिला. दुसऱ्या दिवशी कंडक्टर वरवंटा काखेत धरून दारात हजर. "बाई, तुमचं लेकरू राह्यलं ना गाडीत! रडलं नाई बिचारं रातभर." एक ग्रामसेविका होती, तिला खाटेवर झोपच येईना. ढेकूण असतील म्हणून मी खाट उन्हात टाकली, उकळतं पाणी ओतलं. ढेकूण नव्हते. घरी ती पाच बहिणींच्या मध्ये झोपायची. दोन्ही बाजूंनी मोकळं असलं की ती जागीच राहायची. मग खाट कोपऱ्यात सरकवली, उघड्या बाजूला तिची पेटी आणि पेटीवर गादीची वळकटी लावली. झोपली.

त्या केनवडच्या बाईंनीच मला पहिल्यांदा विचारलं होतं, "ताई, एक खिळा ठोकू का?" आवाज इतका खाली घेऊन विचारलं, जणू माझ्या गळ्यातलं काही मागत होत्या. मी म्हटलं, "ठोका ना, त्यात काय?" तर त्यांचे डोळे भरून आले. मला आधी कळेना. मग कळलं, आणि अंगाची आग झाली. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तो कशासाठी? तसबिरी लावायला. आमच्या घरातल्या त्या दोन तसबिरी कोणाच्या असतात हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्या लागल्या की घर कोणाचं ते दारातूनच दिसतं. म्हणून आमच्या भाडेकरू बायकांच्या तसबिरी पेटीत असतात, लुगड्यात गुंडाळून, काच खाली करून.

त्या दिवसापासून मी नियम केला. बाई यायच्या आधी समोरच्या भिंतीत, डोळ्यांच्या उंचीला, एक मोठा खिळा पक्का ठोकलेला असेल. किल्ली देताना मी सांगते, "हा खिळा तुमचा. त्याच्यावर काय लावायचं ते कोणी विचारणार नाही." माझ्या साऱ्या पत्रकांपेक्षा हे एक वाक्य मला जास्त आवडतं.

पण या खोल्या फार घरासारख्या होऊ द्यायच्या नाहीत, यावरही मी ठाम होते. अजूनही आहे. का, ते सांगते. पूर्वी गावाबाहेर आमची वेगळी वस्ती होती. आता शिकलेल्या, पगारदार बायकांसाठी गावाबाहेर आणखी एक नीटनेटकी वेगळी वस्ती आम्हीच बांधून द्यायची? गाव म्हणेल, बरं झालं, तिकडं राहा. म्हणून प्रत्येक खोलीत दाराच्या आतून मी तांबड्या शाईचा कागद चिकटवला होता: 'ही सोय तात्पुरती आहे. गावात घर मिळणे हा तुमचा हक्क आहे!'

या कागदावरून वच्छलाबाईशी माझं पहिलं भांडण झालं.

वच्छलाबाई म्हणजे आमच्या मागची मळेवाली. माळ्याच्या घरची. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवते आणि स्वतः टोपलं डोक्यावर घेऊन बाजारात बसते. वाचता येत नाही, बोलता फार येतं. तिनं कागदाकडं बोट दाखवून विचारलं, "हे काय लिवलं व, पत्रकवाली?"

मी वाचून दाखवलं.

"म्हंजे पाहुनी आली नाई तं पयलेच तिले जा म्हनतं?"

"जा नाही म्हणत, वच्छलाबाई. हक्क सांगून राह्यली मी."

"जेवाले बसवाव अन् घास घ्याच्या आंधी 'उठतं कवा' इचाराव, तसं हाये हे. फाडून टाक."

मी फाडलं नाही. तिनं त्याचा सूड असा घेतला की जूनमध्ये आमच्या भिंतीच्या मागून दोडक्याचं बी टोचून दिलं. मला विचारलंही नाही. वेल टिनावर चढला, श्रावणापर्यंत चारही बाजूंनी हिरवं झालं आणि आतला ताप निम्मा झाला. दोडके लोंबायला लागले. मी म्हटलं, "आता इथून कोणी जायला तयार होणार नाही, तुमच्यामुळं." ती म्हणाली, "मंग नोको जाऊ दे. भाजी हाये ना."

ती रोज यायची. पायरीवर बसायची, बायकांची थट्टा करायची, भाजी द्यायची. पण चहा घ्यायची नाही. "मले चहा सोसत नाई व." पाणीही नाही. "आत्ताच पिऊन आली." पावसाळ्यात ठीक, पण एप्रिलच्या दुपारी मळ्यातून चालत आलेली बाई आत्ताच पाणी पिऊन आली, हे मी किती दिवस ऐकून घ्यायचं? मला कळत होतं. तिलाही कळत होतं की मला कळतं.

कमल आली ती वेलाला दोडके लागले होते त्या दिवसांत.

कमल कामरगावची. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नेमणूक, तीही तात्पुरती. तिच्या घरात नोकरीला लागलेली ती पहिलीच. आमच्याकडे येण्याआधी तिची मालेगावात दोन घरं झाली होती. चौथ्या नंबरची खोली दिली. तिनं पेटी खाटेखाली सरकवली, हात धुतले आणि विचारलं, "किती दिवस राहता येते, ताई?" मी म्हटलं, घर मिळेपर्यंत, पण शोधायला उद्यापासून लागायचं, कारण मागं बायका थांबल्या आहेत. ती हो म्हणाली. खिळ्याचं वाक्य सांगितलं, तेव्हा तिनं खिळ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

तिची अडचण साधी आणि भयंकर होती. नेमणुकीच्या गावी राहणं सक्तीचं. दवाखान्यातून तिला सांगितलं होतं, गावात राहायचा पक्का पत्ता द्या, नाहीतर ही जागा दुसऱ्या बाईला जाईल. आमची खोली तात्पुरती, ती पक्क्या पत्त्यात धरत नव्हते. इकडं कामरगावहून मोठ्या भावाचा निरोप, हाल सोसून नोकरी करू नको, घरी ये. म्हणजे घर मिळालं तर नोकरी, नाहीतर पेटी उचलून कामरगावची एसटी.

एके दिवशी दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. मी विचारलं, आधीची घरं कशी गेली?

"पयलं आडनावावरून गेलं. ते समजलं. दुसऱ्या घरी म्या हुशारी केली." ती हसू दाबत होती. "बजारातून लक्ष्मीचं क्यालेंडर आनलं अन् दारासमोर लावलं. घरमालकीन आली, पाह्यलं, खुश. म्हने, पोरगी देवभोळी हाये. मंग सन झाला. सनाच्या दुसऱ्या दिवशी ते आली अन् क्यालेंडराच्या निरा जवळ जाऊन पाहून राह्यली. म्हने, काहून व, लक्ष्मीच्या कपाळाले बोट नाई लागलं? हळद नाई, कुकू नाई?"

"मग?"

"मंग काय! मले सुचलंच नाई, ताई. आपल्या घरी कोनी कवा लावलंच नाई तं माहा हात तथी जाईन कसा?"

दोघी इतक्या हसलो की तांदूळ सांडले. मग ते गोळा करताना हसू थांबलं. कमल म्हणाली, "खोटं लावाले बी सवय लागते."

ती खोलीत रुळत होती. जुन्या पातळाचा पडदा केला. दवाखान्यातल्या रिकाम्या बाटल्या उकळून, लेबलं सोलून, त्यांत डाळी भरून फळीवर उंचीप्रमाणे लावल्या. उन्हं आली की त्या बाटल्या पेटल्यासारख्या दिसायच्या, पिवळ्या, तांबड्या, हिरव्या. आजूबाजूच्या बायका लेकराचं अंग तापलं की आधी तिच्या दारात यायला लागल्या. दुसरा कपही तिनं मागितला. पण खिळा मोकळाच. तिनं त्याला साधी पिशवीसुद्धा अडकवली नाही.

ते पहिल्यांदा बोलली वच्छलाबाई. पायरीवरून आत मान घालून म्हणाली, "नर्सबाई, मी रोज पाहून राह्यली. येवढं सगयं गोजिरवानं केलं, अन् मधातच तो खिया मोकया ठिवला. लुटल्यावानी दिसते भिंत. काहून?"

वच्छलाबाईच्या तोंडी 'ळ' बसत नाही, खिळ्याचा खिया होतो. मी 'राहू द्या ना' म्हणणार होते. पण कमल उठली. खाटेखालून पेटी ओढली, कुलूप काढलं, तळाशी हात घातला आणि लुगड्याचं बोचकं बाहेर काढलं. दोन तसबिरी. एकीची काच कोपऱ्यात तडकलेली. खिळा एक आणि तसबिरी दोन, म्हणून तिनं सुतळीनं एकीखाली एक बांधली. मग स्टुलावर चढून लावली, उतरून लांब गेली, तिरकी दिसली म्हणून पुन्हा चढून सरळ केली. हे सगळं ती अगदी हळू करत होती. इंजेक्शन भरताना तिचे हात चालतात तसे.

वच्छलाबाई पाहत होती. मी वच्छलाबाईकडं पाहत होते, आता काय निघतं तोंडातून म्हणून.

"हे होय!" ती म्हणाली. "मंग इतके दिवस कायले पेटीत कोंडले? गुदमरले असतीन ना."

"तुमाले मालूम हायेत हे?" कमलनं विचारलं.

"कोनाले मालूम नाईत? मी काय आंधयी हाव?" आणि जरा थांबून, "खालच्याची काच बदलून आन."

मी काय पाहिलं ते सांगते. खोली तीच, टिनं तीच, सरकीचा वास तोच. पण त्या दोन तसबिरी लागल्यावर बाटल्या, पडदा, खाट, सगळं आपापल्या जागी आल्यासारखं झालं. आणि कमलही. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली होती आणि उंच दिसत होती. मी सभा पाहिल्या आहेत, मोर्चे पाहिले आहेत, हजारोंच्या घोषणा ऐकल्या आहेत. अंगावर असा काटा कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ताई, घरं पाहाले जाऊ. तुमी फकस्त संग चला. बोलू नका."

हे मला सांगणं म्हणजे एसटीला हॉर्न वाजवू नको म्हणण्यासारखं. पण गेले.

पहिल्या घरी मालकीण चांगली होती. खोली दाखवली, नळ दाखवला. आडनाव विचारायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात कमलनं विचारलं, "काकू, या भिंतीत खिळा ठोकला तर चालीन?"

"ठोक ना. एक काय, दोन ठोक."

"त्याच्यावर काय लावनार ते आंधी पाहून घ्या." आणि तिनं पिशवीतून बोचकं काढलं, लुगडं उलगडलं आणि तसबिरी दोन हातांत धरून उभी राहिली. छातीशी. काच समोर.

मी सांगते, त्या खोलीतली हवा बदलली. आजवर जे सारं गाव आडनाव, गाव, बाजू असं आडून आडून विचारायचं, ते या पोरीनं दोन हातांत उघडं धरलं होतं. काकूंनी तसबिरी पाहिल्या, नळाकडं पाहिलं. मग त्यांना आठवलं की त्यांचा भाचा शिकायला येणार आहे.

"बरं," कमल म्हणाली. "येतो, काकू." तिनं तसबिरी गुंडाळल्या आणि निघाली.

दुसऱ्या घरी भिंतीला ओल होती. तिसऱ्या घरी सासूबाईंना ठोकल्याच्या आवाजानं चक्कर येत होती. चौथ्या घरचा मालक सरळ बोलला, "आमाले नाई जमत." मला त्याचा त्यातल्या त्यात कमी राग आला. प्रत्येक दारातून बाहेर पडताना माझ्या तोंडात पूर्ण पत्रक तयार असायचं, उद्गारचिन्हांसकट. आणि प्रत्येक वेळी कमल माझा हात दाबायची. ती रडली नाही, चिडली नाही. दर दारात तोच प्रश्न, तोच आवाज, तशीच काच समोर. संध्याकाळपर्यंत स्टँडवरच्या पानवाल्यालाही ठाऊक झालं होतं. "खिळेवाली नर्स आली," असं तो दुसऱ्याला सांगताना मी ऐकलं. टिंगल होती. पण गावाला पहिल्यांदा आपलं उत्तर मोठ्यानं द्यावं लागत होतं, हे त्या टिंगलीतही होतं.

घर मात्र मिळालं नाही. आणि भावाचा निरोप आला, बाजाराच्या दिवशी न्यायला येतो.

तेव्हा कमल वच्छलाबाईकडं गेली.

मळ्याच्या कडेला, रस्त्याला लागून, वच्छलाबाईची एक मातीची खोली आहे. कांदे साठवायची. त्या वेळी रिकामी होती. मी कमलला म्हटलं, तिला विचारू नको. ती पाणीसुद्धा घेत नाही आपल्याकडचं. विचारशील आणि आहे तेही जाईल. कमल म्हणाली, "बाकी साऱ्याइले इचारलं. तिलेच नाई इचारलं तं तिले आपन परकी समजलो ना."

वच्छलाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. कमलनं तोच प्रश्न विचारला. "मावशी, कांद्याच्या खोलीत मी राहू का? अन् खिळा ठोकू का?"

वच्छलाबाईचे हात थांबले नाहीत. एक जुडी बांधली, दुसरी बांधली. आमच्याकडं न पाहता म्हणाली, "मातीची भित हाये, माय. खिया धरत नाई."

बस. ओल, भाचा, चक्कर, आणि आता माती. मला राहवलं नाही. "वच्छलाबाई, भिंतीचं नाव कायले घेता? तुमचं नाव घ्या. दोडके आमच्या टिनावर चालतात, आम्ही तुमच्या भिंतीत चालत नाही!"

तिनं वर पाहिलं. टोपलं उचललं आणि मळ्यात गेली. माझं चुकलं असं मी म्हणत नाही. ते वाक्य कोणीतरी बोलायलाच हवं होतं. पण कमल माझ्यावर रागावली, आणि ती रागावलेली मी पहिल्यांदा पाहिली. त्यानंतर वच्छलाबाई पायरीवर आली नाही. दोडके पिकून पिवळे पडले, कोणी तोडले नाहीत.

बाजाराच्या दिवशी सकाळच्या गाडीनं भाऊ आला. मजूर माणूस, उंच, हातांना घट्टे. बहिणीच्या खोलीत आल्यावर त्यानं चप्पल बाहेर काढली, बाटल्या पाहिल्या, तसबिरींना हात जोडले. मग म्हणाला, "चांगलं केलं व घर. पन हे आपलं नाई. इज्जत घालवून नोकरी करा लागत नाई, चाल." कमलनं वाद घातला नाही. डाळी पिशव्यांत रिकाम्या केल्या, पडदा काढला. शेवटी स्टुलावर चढून तसबिरी उतरवल्या. भिंतीवर खिळा तेवढा राहिला. वच्छलाबाई म्हणाली होती ते खरं होतं, भिंत लुटल्यासारखी दिसत होती.

भावानं पेटी खांद्यावर घेतली. आम्ही दारात आलो तर समोर वच्छलाबाई. कोपरापर्यंत चिखल, लुगड्याला चिखल, कपाळालाही चिखल.

"निघाले का? काहून निघाले? म्या नाई म्हनलं होतं का?"

भावानं खांद्यावरची पेटी सावरली.

"म्या म्हनलं खिया धरत नाई. नाई धरत! ठोकला तं पोपडा निघते अन् तसबिरीसकट खाली येते. मातीच्या भितीले खुटी लागते. अन् खुटी अशी ठोकून बसत नाई. भित फोडा लागते, भिजवा लागते, खुटी आत गाडून वरून चिखलानं लिपा लागते. ते का बसल्या बसल्या होते? अन् घरी इचारा लागलं ना मले. दिराइनं तोंड वाकडं केलं. म्या म्हनलं, कांदे ठिवले तवा कांद्याइची जात इचारली होती का कोनी?" मग माझ्याकडं वळून, "अन् तू व, पत्रकवाली. तुह्या तोंडाले कोनी लिपत नाई का?"

आम्ही तिच्या मागं गेलो. खोलीत अजून कांद्याचा वास होता. जमीन ताजी सारवलेली. आणि समोरच्या भिंतीत, दारातून थेट दिसेल अशी, बाभळीची खुंटी. हातभर आत गाडलेली असावी. बुडाभोवती ओला चिखल, त्यावर बोटांच्या खुणा. तिनं एकच बसवली नव्हती. शेजारी शेजारी दोन होत्या. दोन तसबिरींना दोन.

खिळा आम्ही ठोकतो, आणि माणूस गेलं की उपटता येतो. खुंटी काढायची तर भिंत फोडावी लागते. मी त्या दोन खुंट्यांकडं पाहत राहिले.

मालेगाव सुधारलं असं कोणी समजू नका. ती काकू, तो ओलीचा मालक, चक्कर येणाऱ्या सासूबाई, सगळे आहेत तिथंच आहेत. वच्छलाबाईच्या दिरांनी पुढं कितीतरी दिवस तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आमच्या सहाही खोल्या आज भरलेल्या आहेत, आणि याची मला लाज वाटते. आपला धंदा बुडावा असं रोज वाटणारी दुकानदारीण मालेगावात मी एकटीच असेन. तांबडा कागद दारावर आहेच. चौथ्या खोलीत खिळा आहे, आणि कमलनंतर आलेली बाई त्यावर पहिल्याच दिवशी तसबीर लावून मोकळी झाली.

पण त्या दिवशी कांद्याच्या खोलीत भावानं खांद्यावरची पेटी खाली ठेवली. कमलनं ती उघडली, बोचकं सोडलं, तसबिरी काढून पेटीवर भिंतीला टेकून उभ्या केल्या. काच समोर. मग स्टोव्ह पुसत तिनं चाचरत विचारलं, "मावशी, चहा ठिवू?"

"ठिव ना. माह्याच घरात मले इचारतं का?" वच्छलाबाई जमिनीवर बसली आणि लुगड्याला हात पुसायला लागली.

कमल भिंतीपाशी गेली. खुंटीला हात लावणार, तेवढ्यात वच्छलाबाई ओरडली.

"हात लावू नोको! वल्ली हाये अजून. दोन रोज सुकू दे. मंग पाहिजे तेवढं वजन टांग."